धर्मग्राम, सोयरीक आणि जात : नाणेघाटाच्या दोन टोकांचा इतिहास

१

धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे दोन पद्धतींनी लिहिला गेला. मिशनऱ्यांच्या अहवालांत किती आत्मे तरले याची मोजदाद असते. धर्मरक्षकांच्या पुस्तकांत किती गरीब आमिषाला बळी पडले याची मोजदाद असते. दोन्ही हिशेबांत धर्म बदलणारा माणूस कर्ता नसतोच. एकाच्या लेखी तो पीक असतो, दुसऱ्याच्या लेखी चोरीला गेलेला माल. दलिताने स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन देव बदलला, ही गोष्ट दोघांनाही पेलत नाही.

मला तिसराच प्रश्न विचारायचा आहे. बाप्तिस्मा झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस कोणत्या विहिरीवर पाणी भरतो? रविवारच्या मिस्सेला तो कोणत्या बाकावर बसतो? त्याच्या मुलीला कोणाच्या घरून मागणे येते? आणि मेल्यावर त्याला कोणाच्या शेजारी पुरतात? श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेत होत नाही. ती पंक्तीत, मांडवात आणि दफनभूमीत होते.

हा प्रश्न मी वैशाखऱ्याच्या बाजूने विचारतो, त्याला कारण आहे. मुरबाड तालुक्यातले हे गाव कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि येथूनच नाणेघाटाची जुनी वाट चढते. वर घाटघर, जुन्नर आणि पुढे संगमनेर-राहात्याचा मुलूख. खाली कल्याण आणि खाडीपलीकडे वसई. सातवाहनांच्या काळापासून बंदराचा माल या वाटेने देशावर गेला. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे. किती यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले याचे आकडे त्यात कोरले आहेत. ज्यांनी पाठीवर ओझी घेऊन हा घाट चढला त्यांचा आकडा मात्र नाही. दगडसुद्धा दात्याचीच जात ओळखतो.

या वाटेच्या दोन टोकांना महाराष्ट्रातील कॅथलिक जीवनाचे दोन वेगवेगळे नमुने उभे राहिले. खालचा नमुना वसईचा, जमीनवाल्यांचा. वरचा नमुना नगर जिल्ह्याचा, भूमिहीनांचा. पोप एक, मिस्सा एक, बायबल एक. तरी या दोन समाजांची घडण वेगळी झाली. ती का झाली हे समजून घेतले तर धर्म जातीला काय करतो आणि जात धर्माला काय करते, दोन्ही कळते.

२

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट आले. सोळाव्या शतकातच सांडोर, पापडी, नंदाखाल अशी चर्चे उभी राहिली आणि प्रत्येक चर्चभोवती धर्मग्राम आकाराला आला. धर्मग्राम म्हणजे केवळ चर्चची इमारत नव्हे. जन्म, लग्न आणि मरण यांची नोंद ठेवणारी ती एक व्यवस्था आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली लग्नाची आगाऊ जाहीर वाचणी, धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती आणि नोंदवही यांची सक्ती केली. गावातल्या सामान्य माणसाचे नाव सरकारदप्तरी महसुलापुरतेच येत होते, त्या काळात चर्चच्या वहीत बाईमाणसाचे आणि तान्ह्या पोराचेही नाव लिहिले जाऊ लागले. हे लहान काम नव्हते.

पण धर्म बदलला तेव्हा जातीच्या जाती बदलल्या, आणि आपले घर, बाग, बोली व मान घेऊन बदलल्या. बागायती करणारे सामवेदी, वाडवळ आणि समुद्रावरचे कोळी ख्रिस्ती झाले; परंतु सामवेदी सामवेदीच राहिला, वाडवळ वाडवळच राहिला आणि कोळी कोळीच राहिला. सामवेद्यांची कादोडी बोली वेगळी, वाडवळी वेगळी, कोळ्यांची वेगळी. बायकांच्या लुगड्यांची नेसणही वेगळी. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरात ख्रिस्ती लोकांची माहिती देतानाही त्यांच्या मूळ जातींचा उल्लेख करावा लागला. म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरही बाहेरच्या माणसाला ख्रिस्ती या शब्दाने पुरेसा बोध होत नव्हता. कोणता ख्रिस्ती, असे विचारावेच लागत होते.

याचा दोष एकट्या वसईकरांना देऊन चालणार नाही. ज्या चर्चने हा धर्म आणला त्या चर्चनेच जातीशी तह केला होता. दक्षिणेत मदुरा मिशनमध्ये रॉबर्तो दि नोबिली या इटालियन जेझुइटाने ब्राह्मणी वेष, जानवे आणि शेंडी यांसह ख्रिस्ती होण्याची मुभा मागितली आणि १६२३ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने ती दिली. ही चिन्हे धार्मिक नसून सामाजिक आहेत, असा युक्तिवाद होता. जात ही सामाजिक गोष्ट आहे म्हणून ती ठेवायला हरकत नाही! आज कोणी जात ही खासगी बाब आहे असे म्हणतो तेव्हा मला हा युक्तिवाद आठवतो. पुढे त्याच मिशनमध्ये वरच्या जातींसाठी वेगळे आणि परैयांसाठी वेगळे धर्मगुरू नेमले गेले. ख्रिस्ताच्या भोजनाची पंक्तसुद्धा दुहेरी झाली.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री गेले. आता हा धर्म टिकणार नाही असे वाटण्याजोगी परिस्थिती होती, पण तो टिकला. सत्तेचे छत्र गेल्यावर उपासना चालवली ती गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी आणि ती जपली ती लोकांनी. सत्तेने दिलेला धर्म सत्ता गेल्यावरही माणसे जपतात तेव्हा तो त्यांचा स्वतःचा झालेला असतो, हे मान्य केले पाहिजे. १९१८ साली वसईतील कॅथलिकांनी मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था काढली. आजच्या बसीन कॅथलिक सहकारी बँकेचे ते मूळ. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला सोडवण्याचे ते काम होते. श्रद्धेचे संघटनेत आणि संघटनेचे भाकरीत रूपांतर कसे होते, याचा हा धडा आहे. मात्र त्यातला एक तपशील आपण विसरू नये. पत उभी राहते ती ज्याच्याजवळ काहीतरी आहे त्याची. वसईच्या बागाइतदाराजवळ बाग होती.

३

घाटावरची गोष्ट वेगळी आहे. तिकडे धर्म बंदरातून जहाजाबरोबर आला नाही. तो महारवाड्यात बोलावल्यावर आला.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरला काम करीत होते. त्याच नगरमध्ये मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना आपल्या शाळेची प्रेरणा मिळाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने गावगाड्याचे खरे रूप उघडे पाडले. बलुत्याच्या व्यवस्थेत महाराचा वाटा शेवटचा. खळेच रिकामे असेल तर शेवटचा वाटा म्हणजे शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि स्विस जेझुइट या भागात उतरले. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता अशी केंद्रे उभी राहिली. शाळा, दवाखाना, वसतिगृह आणि छोटेसे प्रार्थनाघर, हा तिथल्या धर्मग्रामाचा आराखडा. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन जेझुइटांना स्थानबद्ध करून देशाबाहेर पाठवले. मिशन उघडे पडले. तेव्हा ते सावरून धरण्यात खेड्याखेड्यांतून बाराखडी आणि प्रार्थना शिकवणाऱ्या मास्तर-उपदेशकांचा वाटा मोठा होता. हे बहुतेक महारवाड्यातलेच. त्यांची नावे मोठ्या ग्रंथांत सापडत नाहीत. पण घाटावरच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत पहिली पाटी यांनीच दिली.

या लोकांनी धर्म का बदलला? भाकरीसाठी, असे कुत्सितपणे सांगितले जाते. मी म्हणतो, भाकरीसाठी बदलला असेल तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? ज्या धर्मात भाकरी मिळत नव्हती त्या धर्माने लाजावे. पण केवळ भाकरी हे उत्तर पुरे पडत नाही. दुष्काळ सरला तरी माणसे परत गेली नाहीत. शाळेत पोराला नावाने हाक मारली जात होती, दवाखान्यात नाडी हाताने तपासली जात होती. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्याच्या मनगटावर कोणी बोटे ठेवणे, हे औषधाहून मोठे होते. स्पर्श हाच तिथला पहिला संस्कार होता. बाप्तिस्म्याचे पाणी नंतर आले.

आजही सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मराठवाड्यापासून मुंबईपर्यंतची माणसे येतात. मारियेला माउली म्हणणारे हे लोक भजने म्हणतात, नवस फेडतात, पायी चालत येतात. वसईच्या चर्चमध्ये पोर्तुगीजांचा ठसा दिसतो. हरेगावला वारीचा दिसतो. ज्यांना पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही त्यांनी वारी आपल्याबरोबर आणली आणि देव दुसरा शोधला.

४

आता प्रेमाविषयी. ख्रिस्ती धर्म हा प्रेमाचा धर्म, हे वाक्य आपण इतके ऐकले आहे की त्याचा अर्थ तपासायचे राहून गेले. माझ्या मते प्रेम दोन प्रकारचे असते. एक दयेचे प्रेम. ते वरून खाली येते. त्यात घेणाऱ्याने कृतज्ञ राहायचे असते. दुसरे सोयरिकीचे प्रेम. ते समोरासमोर असते. त्यात देणारा आणि घेणारा असा भेदच उरत नाही, कारण उद्या नातू दोघांचा असणार असतो.

घाटावरच्या दलिताला चर्चने पहिले प्रेम भरपूर दिले. शाळा दिली, औषध दिले, दुष्काळी काम दिले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा होईल. परंतु दुसरे प्रेम? वसईच्या बागाइतदार कॅथलिकाची मुलगी राहात्याच्या महार कॅथलिकाच्या घरी दिली गेल्याची उदाहरणे किती? दोघांचा धर्मगुरू एकच शब्द उच्चारून लग्न लावू शकतो. चर्चच्या कायद्यात अडचण कोणतीही नाही. अडचण जी आहे ती बायबलात नाही, ती बैठकीत आहे. इतकेच काय, घाटावर महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकाच खिस्ताचे शरीर घेतात आणि मुलांच्या लग्नाच्या वेळी मात्र आपापल्या भावकीत स्थळे शोधतात.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगितले होते की सहभोजनाने जात मोडत नाही. रक्ताची सरमिसळ झाल्याशिवाय आपलेपणाची भावना निर्माण होणार नाही. ही कसोटी त्यांनी हिंदू समाजापुढे ठेवली होती, पण ती प्रत्येक धर्माला लागू आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर नेमके बोट ठेवले. ख्रिस्ताविषयी आदर ठेवून त्यांनी ख्रिस्ती समाजाला विचारले की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून कधी लढलात? येवल्याच्या घोषणेनंतर अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्या दाराशी आले. त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला नाही, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण या प्रश्नात आहे.

त्यांचे निदान किती अचूक होते, हे दक्षिणेने पुन्हा दाखवून दिले. २००८ साली तमिळनाडूतील विल्लुपुरम जिल्ह्यात एरैयूर येथे दलित कॅथलिकांनी वन्नियार कॅथलिकांच्या वर्चस्वाला कंटाळून स्वतंत्र धर्मग्रामाची मागणी केली. दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. एकाच चर्चचे लोक एकमेकांसमोर दगड घेऊन उभे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध ठरवला होता. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी हे घडले. शेवटी २०१६ च्या डिसेंबरात भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे लेखी कबूल केले. देशातील सुमारे एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित आहेत आणि नेतृत्वात त्यांचा वाटा नगण्य आहे, हेही त्यात आले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. नोबिलीच्या परवान्यापासून इथवर यायला चारशे वर्षे लागली.

५

चर्चने जात मोडली नाही. पण कायद्याने मात्र ती मोडली असे गृहीत धरले! हा या इतिहासातला सर्वांत क्रूर विनोद आहे.

१९३६ साली इंग्रज सरकारने अनुसूचित जातींचा आदेश काढला तेव्हाच भारतीय ख्रिश्चनाला त्यातून वगळले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. १९८५ साली मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात निघाला. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्या अनुसूचित जातींच्या कारागिरांना सरकार फुकट टपऱ्या देत होते. सूसाईला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. त्याची आरी तीच, चामडे तेच, फुटपाथ तोच. न्यायालयाचे म्हणणे असे की ख्रिस्ती समाजातही जातीची झळ तितक्याच तीव्रतेने लागते हे सिद्ध करा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली. ती पडून राहिली. २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढीही मिळाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, बाप्तिस्मा घेऊन चर्चला जाणाऱ्या व्यक्तीने केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवून घेणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे, असे म्हटले.

आता वैशाखऱ्याच्या परिसरात हा कायदा लावून पाहा. या पट्ट्यात ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांचे पाडे आहेत, आणि बौद्धवाडेही आहेत. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. उद्या एखादा ठाकूर ख्रिस्ती झाला तरी तो ठाकूरच राहतो, आणि ते योग्यच आहे. अलीकडे त्यांनाही यादीतून काढा म्हणून मोर्चे निघू लागले आहेत, त्याला आपण ठाम विरोध केला पाहिजे. पण शेजारच्या वाड्यातला माणूस ख्रिस्ती झाला तर त्याची जात कागदावरून त्याच दिवशी नाहीशी होते. गावातून मात्र ती हलत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही जाते. मारणारा जात बघून मारतो आणि तक्रार लिहिणारा धर्म बघून लिहितो.

यातून दुहेरी नोंदीचे आयुष्य जन्माला येते. चर्चच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. माझे आजोळ घाटावरचे आहे. मामाचे घर कॅथलिक, आमचे घर बौद्ध. आजोबा दोघांचे एकच. मामेभावाचा दाखला काढण्यासाठी मी त्याच्याबरोबर एका कचेरीत गेलो होतो. कारकुनाने गळ्यातला क्रूस बघितला आणि कागद बाजूला सारले. वाटेत मामेभाऊ एवढेच म्हणाला, "दादा, देवळात खरं बोलावं तर भाकर जाते, आणि कचेरीत खोटं बोलावं तर देव जातो." त्याच्यावर ढोंगीपणाचा आरोप करणे सोपे आहे. पण माणसाला खरे बोलण्याची किंमत म्हणून पोराची शिष्यवृत्ती मागणारी व्यवस्था ढोंगी नाही काय?

६

हा प्रश्न ख्रिस्त्यांचा आहे, त्यांनी बघावे, असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना मी आपलाच इतिहास आठवून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म स्वीकारला आणि त्याच क्षणी केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, पण केंद्राच्या दारात आपण १९९० पर्यंत, चौतीस वर्षे, उभे होतो. बौद्ध झालात म्हणजे जात गेली, मग सवलत कशाला, हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला. तेव्हा आपण सांगत होतो की जात आम्ही सोडली, पण जातीने आम्हाला सोडले नाही. हेच वाक्य आज दलित ख्रिस्ती उच्चारतो तेव्हा ते आपल्याला परके का वाटावे? वाटा कमी होईल अशी भीती खरी आहे. पण तिचे उत्तर वाटा वाढवून मागण्यात आहे. भावाला पंक्तीतून उठवण्यात नाही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने दलित या शब्दाची व्याख्या केली तेव्हा धर्माच्या नावाने पिळल्या जाणाऱ्यांनाही तिच्यात जागा दिली होती. ती व्याख्या आपण आकसू देता कामा नये.

आणि सोयरिकीची जी कसोटी मी चर्चला लावली ती आपल्यालाही लावली पाहिजे. घाटावर एकाच भावकीची दोन घरे, एक बौद्ध आणि एक कॅथलिक, पूर्वी आत्या-मामाच्या नात्याने मुली देत-घेत होती. आज बऱ्याच ठिकाणी तो व्यवहार थांबला आहे. चर्च म्हणते, लग्न चर्चमध्ये; आपण म्हणतो, बुद्धवंदनेने. कोणीही मागे हटत नाही आणि दोघेही आपापल्या निष्ठेचे कौतुक करतात. बौद्ध महार आणि बौद्ध मांग यांच्यातील सोयरिकी तरी किती झाल्या? जातीच्या जुन्या भिंतीला आपण नव्या श्रद्धेचा चुना लावीत आहोत.

वसईच्या धर्मग्रामाकडून आपण संघटना शिकावी: वही, पतपेढी, शाळा आणि चार शतके टिकणारी चिकाटी. घाटावरच्या धर्मग्रामाकडून शिकावे की ज्याला कोणी शिवत नाही त्याला शिवणे ही क्रांतीची पहिली पायरी आहे. पण दोन्हीकडून हेही शिकावे की पहिल्या पायरीवर शंभर वर्षे उभे राहिले म्हणून घाट चढून होत नाही. विद्यार्थी मित्रांनी एक काम करावे. आपापल्या तालुक्यातील बौद्ध, ख्रिस्ती, मातंग, चर्मकार घरांतून गेल्या तीन पिढ्यांत कोणाच्या सोयरिकी कोणाशी झाल्या याची नोंद गोळा करावी. धर्मग्रंथ काय सांगतात ते आपल्याला पाठ आहे. मांडवाची वही काय सांगते, ते अजून कोणी वाचलेले नाही.